तुमची तीन मिनिटं झाली

३ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरांनी ही वही दिली ती रक्तदाब लिहायला. रोज सकाळी मोजायचा, आकडा टिपायचा आणि महिन्यानं आणून दाखवायचा. "आणि मन शांत ठेवा," हे वर. माझं मन शांतच असतं, आजूबाजूचे लोक ते तसं राहू देत नाहीत. तेव्हा आकड्याऐवजी तो कुणामुळे चढला ते लिहिणार आहे. उपचाराला तेच जास्त उपयोगी पडेल.

आजचा मान टेलिफोन कंपनीचा. लाइनमध्ये खरखर येते म्हणून तक्रार करायला फोन लावला. एक मुलगी, तीसुद्धा खरी नव्हे, टेप केलेली, म्हणाली, "वी विल बी विथ यू शॉर्टली." शॉर्टली म्हणजे लवकरच. मग मी भाजी चिरली, ओटा पुसला, रिसीव्हर खांद्यात धरून मान आखडली, तरी हिचं शॉर्टली संपेना. मी ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून जन्म काढला. परगावचा कॉल लागायला चार तास लागणार असतील तर आम्ही चार तास म्हणून सांगायचो. माणूस चिडायचा, पण घरी जाऊन जेवून तरी यायचा. वेळेच्या बाबतीत खोटं सांगणं म्हणजे माझ्या लेखी खिसा कापणं.

संध्याकाळी सूनबाई खाली आली. चिरंजीव आणि ती वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. घर माझं आहे, जिना सगळ्यांचा. बराच वेळ ती दाराची कडी चाचपत उभी राहिली.

"आई, मला इंग्रजी बोलायला शिकवाल?"

"कशाला? माझ्याशी इंग्रजीत भांडायचंय?"

ती हसली नाही. एका हॉस्पिटलात फोनवर अपॉइंटमेंट देण्याची जागा आहे म्हणे. मुलाखतसुद्धा फोनवरच होणार. "सगळं वेळेचंच बोलणं असतं," ती म्हणाली, "डॉक्टर कधी येतील, किती वेळ थांबावं लागेल. नेमकं तिथंच माझं अडतं. आणि आई, यांना सांगू नका. मिळाली तर मीच सांगीन."

मला गंमत वाटली. नवऱ्याला चकित करायची हौस अजून शिल्लक आहे म्हणजे संसार ठीक चाललाय.

५ ऑक्टोबर, गुरुवार

शिकवणी सुरू. रोज दुपारी तीन ते चार. माझा नियम मी पहिल्याच दिवशी सांगितला: वही नाही, पेन नाही. फोनवर कुणी वही बघून बोलत नाही. वाक्यं तोंडी करायची आणि ती आपल्या आयुष्यातली. पुस्तकातला तो राम आणि त्याचा तो आंबा मला घरात नको.

आज 'फॉर' आणि 'सिन्स'. आपलं 'पासून' बिचारं सगळीकडे राबतं, सकाळपासून म्हणा, दोन तासांपासून म्हणा. इंग्रजीत तसं चालत नाही. सुरुवात सांगायची तर सिन्स, मधला काळ सांगायचा तर फॉर. कॉन्व्हेंटमध्ये मदरनी हे आम्हाला हातावर पट्टी मारून शिकवलं होतं. मी नुसत्या जिभेवर भागवते.

"आय हॅव बीन मॅरिड फॉर थ्री इयर्स." ठीक.

"आय हॅव नॉट सीन माय मदर सिन्स टू इयर्स."

"चूक! फॉर टू इयर्स. दहा वेळा म्हण."

तिनं दहा वेळा म्हटलं. सातव्या-आठव्याला घसा बसला. नवशिक्यांचा बसतोच, आमच्या एक्स्चेंजमध्येही नव्या मुलींचा पहिल्या आठवड्यात बसायचा. मी कोमट पाणी दिलं आणि उरलेल्या तीन वेळा म्हणून घेतलं.

मग म्हणाली, "माय फोन इज इन द कपबोर्ड सिन्स ऑगस्ट." यात दोन चुका. एक म्हणजे 'हॅज बीन' हवं. दुसरी म्हणजे तिचा मोबाइल कपाटात नाही, दुरुस्तीला गेलाय, चिरंजीवांनीच मला सांगितलंय. "कपबोर्ड नव्हे, शॉप," मी म्हटलं. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शॉप."

ऑगस्टपासून एक मोबाइल दुरुस्त होत नाही! त्या दुकानाचा पत्ता मागून घेतला पाहिजे. दोन शब्द ऐकवीन.

चारला नेहमीप्रमाणे चिरंजीवांचा फोन. कारखान्यात टाइम स्टडीला आहे तो. कोण कामगार कोणत्या कामाला किती वेळ लावतो, ते स्टॉपवॉच घेऊन मोजायचं. एवढ्या कामातही रोज चारच्या ठोक्याला आईला फोन करतो. "बरी आहेस ना? ती आहे का तिथं?" मी म्हटलं, "आहे, बसलीय समोर." "बरं," म्हणाला. शेजारणीच्या मुलाला आईचा वाढदिवससुद्धा आठवत नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

आज 'बाय' आणि 'अन्टिल'. इथंही आपलं 'पर्यंत' एकटं दोन्ही घरची कामं करतं. सहापर्यंत ये, आणि सहापर्यंत थांब. इंग्रजांनी त्याला दोन वेगळे नोकर ठेवले. सहा ही शेवटची मुदत असेल तर बाय. सहा वाजेतो काही चालूच राहणार असेल तर अन्टिल.

सूनबाईनं हे चटकन उचललं. "आय मस्ट बी अपस्टेअर्स बाय फाइव्ह." छान. "ही स्टँड्स इन द बाल्कनी अन्टिल आय कम बॅक फ्रॉम द बेकरी." हेही छान. मी विचारलं, "कोण?" तर म्हणाली, "हे. रविवारी. हातात स्टॉपवॉच असतं."

मला हसू आलं. लहानपणी हाच पोरगा मी ड्यूटीवरून येईपर्यंत खिडकीत उभा असायचा, आणि पोचल्यावर "आई, आज सात मिनिटं उशीर" म्हणायचा. वाट बघण्याचा स्वभाव आहे त्याचा. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "हो का." मराठीत म्हणाली म्हणून टोकलं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

मी शिकवते कशी, याबद्दल थोडं. एक्स्चेंजमध्ये नव्या मुलीला पहिली गोष्ट शिकवायची ती ही, की ऐकायचं पण ऐकायचं नाही. लाइन स्वच्छ आहे ना, दोन्ही बाजू एकमेकांना पोचतायत ना, तेवढ्यासाठी कान लावायचा. कोण मेलं, कोणाचं लग्न मोडलं, ते आपल्या कानांतून पाण्यासारखं वाहून गेलं पाहिजे. नाहीतर दिवसाला शंभर घरांची रड घेऊन घरी जावं लागेल. आणि तीन मिनिटं भरली की मध्ये बोलायचं, "युवर थ्री मिनिट्स आर अप." पुढे ठेवायचं की कापायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि नाही ठरवलं तर आपण कापायचं. मी सेकंदाला कापायची. म्हणून तर मला सगळ्या कात्री म्हणत.

तोच कान मी शिकवणीला लावते. क्रियापद जागेवर आहे ना, शेवटचं व्यंजन गिळलेलं नाही ना. सूनबाईची लाइन आता पुष्कळ स्वच्छ येते.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आज तिनं एक वाक्य केलं: "ही डिड नॉट स्पीक टू मी फॉर नाइन डेज." संपूर्ण निर्दोष. उच्चार, काळ, फॉर, सगळं. मी टाळी वाजवली.

ती म्हणाली, "आई, हे खरं आहे."

"खऱ्यासारखं वाटलंच पाहिजे," मी म्हटलं, "म्हणून तर लक्षात राहतं."

चारचा फोन आला, मी "आहे, आहे" म्हटलं, आणि ती वर गेली.

संध्याकाळपासून काहीतरी टोचतंय. जेवताना दाताखाली खडा यावा आणि मग ताटात शोधून तो सापडू नये, तसं. वर कधी आवाज चढत नाही. शेजारी रोज भांडी आपटतात, आमच्याकडे ते नाही. चिरंजीव तर आवाज वाढवतच नाही. शांतता चांगलीच असते.

रक्तदाब मोजला. चढलाय. टेलिफोन कंपनीच्या नावावर टाकते.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

कोकिळा येऊन गेली. हे तिचं एक्स्चेंजमधलं नाव. गळा तिचा अजून तसाच आहे, बाकीचं सगळं शरीर मात्र बदललंय. शिकवणी चालू असताना आली, मी म्हटलं बस, ऐक, माझी करामत बघ.

आज 'एज लाँग एज' होतं. सूनबाई म्हणाली, "आय ॲम ऑल राइट एज लाँग एज आय डू नॉट आस्क एनिथिंग." मग, "एज लाँग एज ही इज ॲट वर्क, आय कॅन ब्रीद." मी दुसऱ्या वाक्यातला 'ब्रीद'चा शेवट घासून घेतला. जीभ दातांत यायला हवी, ती ड म्हणते.

ती वर गेल्यावर मी कोकिळेला म्हटलं, "काय? सुधारलीय ना?"

"कात्री, तू ऐकतेस का गं ती काय बोलते?"

"ऐकते म्हणजे? प्रत्येक अक्षर ऐकते."

"अक्षर नव्हे गं बाई."

"मग काय?"

कोकिळेनं पर्स उघडली, बंद केली. "तुझा मुलगा तिला वागवतो कसा?"

मला राग आला. येणारच. माझ्या घरात, माझा चहा पिऊन! मी म्हटलं, "घड्याळासारखा वागतो. तुझ्या जावयासारखा दारू पिऊन येत नाही."

"जावयाचं काढू नकोस. त्याचं मला माहीत तरी आहे," ती म्हणाली आणि उठली. दारात वळून म्हणाली, "तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाइनी जोडल्यास, आणि स्वतःच्या कानात मेण."

अर्धा कप चहा टाकून गेली. साखरसुद्धा जास्त घालायला लावली होती.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

कोकिळेला खोटं पाडावं म्हणून मी काल चिरंजीवाला जिन्यात गाठलं. सहज विचारलं, "तिचा मोबाइल झाला का रे दुरुस्त?"

तो थांबला. "तिनं विचारायला सांगितलं?"

"छे, मीच विचारतेय."

"झाला की सांगतो हं आई," तो म्हणाला. हसला. खिशात हात होता, आत स्टॉपवॉचची कळ टिक-टिक दाबत होता. ती त्याची जुनी सवय.

आज सूनबाई शिकवणीला आली नाही. वरून निरोपही नाही. चारच्या फोनवर मी सांगितलं की ती खाली आली नाही, तर म्हणाला, "माहितीय."

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज आली. डोळ्यांखाली काळं झालंय. मी म्हटलं, तीन दिवस बुडाले, मुलाखत सोमवारी आहे, काही जबाबदारी आहे की नाही?

ती म्हणाली, "आई, यांना माझ्याबद्दल काही विचारत जाऊ नका. तुम्ही विचारलंत की मला उत्तर द्यावं लागतं."

यात मी काय वाकडं केलं? काळजीनं विचारलं तर तेही चुकलं! मी फणकाऱ्यानं 'इन टाइम' आणि 'ऑन टाइम' काढलं. नेमक्या वेळेवर ते ऑन टाइम. उशीर व्हायच्या आधी, हातातून जायच्या आत, ते इन टाइम. एखादं वाक्य कर म्हटलं. ती म्हणाली, "आय होप आय विल बी इन टाइम."

"मुलाखतीला ऑन टाइम म्हणायचं."

"नाही आई," ती म्हणाली. "इन टाइम."

मी वाद घातला नाही. का घातला नाही, ते कळत नाही. मी सहसा सोडत नाही.

३० ऑक्टोबर, सोमवार

हे नीट लिहायला हवं.

मुलाखतीचा फोन तीन ते चारच्या दरम्यान येणार होता, माझ्या खालच्या फोनवर. तीनपासून आम्ही दोघी त्याच्याकडे टक लावून बसलो. मी लाइन तपासली, खरखर कमी होती. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. शॉर्टलीवाल्यांची अवलाद! पावणेचार उलटल्यावर वाजला एकदाचा.

सूनबाई सुंदर बोलली. "द डॉक्टर विल बी इन बाय इलेव्हन. यू मे हॅव टू वेट फॉर अबाउट ट्वेंटी मिनिट्स." मी कोपऱ्यात बसून बोटांनी तबला वाजवत होते. आणि मग चार वाजले आणि मला आठवलं की चिरंजीवाचा फोन यायचा, आणि लाइन तर गुंतलेली.

कारखाना जवळच आहे. थोड्याच वेळात फाटकाशी स्कूटर थांबली. तो दारात येऊन उभा राहिला, हातात घड्याळ, चेहऱ्यावर तेच हसू. सूनबाईची पाठ दाराकडे होती. तिनं वळून पाहिलं नाही. पण तिचा आवाज बदलला.

हा आवाज मला माहीत आहे. माणूस लाइनवर एकटा असतो तोपर्यंत त्याचा आवाज चढतो, उतरतो, अडतो, धावतो. मागे कुणी येऊन उभं राहिलं की सगळी वाक्यं एका उंचीला येतात, इस्त्री केल्यासारखी. हो. नाही. बरं. असे कॉल आम्ही अर्ध्या मिनिटात ओळखायचो. कोकिळा अशा वेळी घड्याळ बघायला विसरायची. मी नाही विसरायची. पण ओळखायची मीसुद्धा.

"येस," सूनबाई म्हणत होती. "नो. येस." त्या बाजूच्या माणसाला वाटलं असेल, हिचं इंग्रजी संपलं.

मी उठले. चिरंजीवाला दंडाला धरून बाहेर काढलं.

"कुणाशी बोलतेय ती?"

"हॉस्पिटलशी. माझ्या रक्तदाबाचं." हे म्हटलं तर निम्मं खरं होतं.

"चारला लाइन बिझी होती आई."

"लोक बोलायला लागले की ती होते."

"किती वेळ लागेल?"

"लागेल तितका," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. आतून दाराला पाठ लावून उभी राहिले. पलीकडे टिक झालं. घड्याळ सुरू केलं असावं.

तिचा आवाज हळूहळू परत चढला. "सॉरी, आय ॲम हिअर नाउ," ती म्हणाली. "आय कॅन जॉइन ऑन मंडे. येस, आय विल नीड अ रूम. फ्रॉम द फर्स्ट डे." समोरून काहीतरी विचारलं गेलं. "फॉर अ लाँग टाइम," ती म्हणाली.

रूम कशाला? हॉस्पिटल तर इथंच, चौकापलीकडे. ट्रेनिंगसाठी असेल.

हे शेवटचं वाक्य मी एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं. राहू दे तसंच.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

गेली.

दुपारी खाली आली, खांद्याला फक्त रोजची पिशवी. मी आपली शिकवणीला म्हणून खुर्च्या समोरासमोर मांडत होते. म्हणाली, "आई, मी निघते. हॉस्पिटल इथलं नाही."

मला ठाऊक होतं. कधीपासून ते विचारू नये.

"परत कधी येशील?" मी विचारलं. महिनाभर मी तिला वेळेचे सगळे शब्द शिकवले. यातला एकही तिनं उत्तराला वापरला नाही. वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "फोन कर. चारला नको."

"रविवारी सकाळी करीन. या नाही, पुढच्या." मग जिन्याकडे बघत म्हणाली, "ते घरी असतील."

"असू देत. फोन माझ्या नावावर आहे."

कोपऱ्यावर टॅक्सी उभी होती आणि तिच्यात कोण, तर कोकिळा! या दोघींचं आधीच ठरलं होतं. शिकवणी मी घेतली, मुलाखत माझ्या फोनवर झाली, दार मी अडवलं, आणि मला सगळ्यात शेवटी सांगतात! कोकिळेनं काच खाली करून हात हलवला. मी हलवला नाही. मग टॅक्सी वळल्यावर हलवला.

चारला फोन वाजला. "बरी आहेस ना? ती आहे का तिथं?"

"हॅलो?" मी म्हटलं. "हॅलो, हॅलो? लाइन खराब आहे रे, काही ऐकू येत नाहीये." आणि ठेवून दिला. चांगल्या लाइनला खराब म्हणण्याचं काम नोकरीत कधी केलं नव्हतं.

४ नोव्हेंबर, शनिवार

त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. खुर्ची माझ्या खुर्चीला भिडवून बसला आणि विचारत राहिला. किती वाजता गेली. जायच्या आधी किती वेळ बोलत होतीस. शिकवणी कधीपासून चालली होती. किती वाजता टॅक्सी आली. ती कुठे गेली, हे त्यानं एकदाच विचारलं. बाकी सगळं वेळेचंच.

मी म्हटलं, "मला माहीत नाही." तो म्हणाला, "आठव, आई. मी थांबतो." आणि थांबला. जेवणाची वेळ गेली तरी थांबला.

८ नोव्हेंबर, बुधवार

काल संध्याकाळी कोकिळेकडे गेले होते. भांडायला म्हणून गेले, मग राहिलं. परत आले तर चिरंजीव बाल्कनीत उभा. खाली आला. "एक तास चाळीस मिनिटं," म्हणाला. "दोन बायकांना इतकं काय बोलायचं असतं?"

"तुला काय करायचंय?"

"काळजी वाटते आई. तुझा रक्तदाब." मग फोनकडे बघत म्हणाला, "आणि हे जुनं खोकं काढून टाकू आता. तुला मी मोबाइल आणून देतो. माझ्या नावावर घेतो, म्हणजे तुला कटकट नको."

आवाज अगदी मऊ. शहाण्या मुलासारखा.

आज तो कामावर गेल्यावर मी किल्ली घेऊन वर गेले. किल्ली माझ्याकडे पहिल्यापासून आहे, कधी वापरली नव्हती. कपाट उघडलं. त्याच्या इस्त्रीच्या शर्टांखाली तिचा मोबाइल होता, चार्जरची वायर नीट गुंडाळून.

कपबोर्ड बरोबर होतं.

मी तिथंच पलंगाच्या कडेला बसले. कानांतून पाण्यासारखं वाहून गेलं असं मी समजत होते, ते सगळं आतच साचलं होतं. एकेक वाक्य वर आलं, आणि या वेळी मराठीत आलं.

दोन वर्षं झाली, मी आईला पाहिलं नाही. माझा फोन ऑगस्टपासून कपाटात आहे. मी बेकरीतून परत येईपर्यंत ते बाल्कनीत उभे असतात. नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी काही विचारत नाही तोवर माझं ठीक असतं. ते कामावर असतात तेवढा वेळ मला श्वास घेता येतो.

आणि पहिलं वाक्य मी तिच्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं. पाणी देऊन.

मोबाइल खाली आणला. तांदळाच्या डब्यात ठेवलाय.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

टेलिफोन कंपनीचा माणूस आला, लाइन बंद करायचा अर्ज आलाय म्हणाला. सही कुणाची? चिरंजीवांची. मी त्याला असं काही सुनावलं की तो आपली पक्कड विसरून गेला. खरखर मात्र जाण्यापूर्वी दुरुस्त करून गेला, तेवढं एक.

संध्याकाळी चिरंजीव म्हणाला, "आई, तू माझ्याविरुद्ध जातेयस." हे म्हणताना त्याचे डोळे भरले होते. खिडकीत उभं राहणारा पोरगा तोच. मला काय करावं ते कळेना. मी त्याला वाढलं. तो जेवला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवायला गेले, आणि तो घड्याळ बघत होता.

१२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी तो खाली येऊन बसला. बोलावलं नव्हतं. रविवारी फोन येणार, हे त्याला कुणी सांगितलं नसेल. माझ्या बसण्यावरूनच कळलं असेल.

फोन वाजला. तो उठला आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी उचलला.

"आई? मी बोलतेय!" तिच्या मागे केवढा गोंगाट. कुणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती. "ऐकू येतंय ना?"

"हो," मी म्हटलं.

"मी बरी आहे. खोली लहान आहे, पण खिडकी आहे. आई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"हो."

"रक्तदाब?"

"बरा."

मग ती गप्प झाली. मला वाटलं लाइन गेली. पण लाइन स्वच्छ होती, इतकी स्वच्छ की माझाच आवाज मला ऐकू आला. हो. हो. बरा. सगळे शब्द एका उंचीचे.

"आई," ती हळूच म्हणाली, "मागे कुणी उभं आहे का?"

"हो."

तिनं फोन ठेवला नाही. तिकडचा गोंगाट कमी झाला, तिनं दार लावलं असावं. तशीच धरून राहिली.

मागे टिक झालं. "तीन मिनिटं झाली, आई," चिरंजीव म्हणाला. "तुझाच नियम आहे."

त्याचा हात माझ्या खांद्यावरून फोनच्या दिशेनं आला. मी तो बाजूला केला. जोरानं नाही, प्लगाची वायर बाजूला करावी तसा. मग पायानं खुर्ची ओढली, त्याच्याकडे तोंड करून बसले आणि त्याच्या डोळ्यांत बघत रिसीव्हर या कानाचा त्या कानाला नेला.

"टेक युवर टाइम," मी तिला म्हटलं. "आता पहिल्यापासून सांग. मराठीत सांग. मी ऐकतेय."